लॅटिन क्रियापद: तक्त्यांआधी चार रूपे

लॅटिनच्या एका नियमित क्रियापदाची रूपे मोजून पाहा. निश्चयार्थाचे 6 काळ, सब्जंक्टिव्हचे (इच्छा, शक्यता सांगणाऱ्या रूपांचे) 4, प्रत्येकात 6 रूपे, आणि हे सगळे कर्तरी व कर्मणी अशा दोन्ही प्रयोगांत. झाली 120, आज्ञार्थ आणि धातुसाधिते वेगळीच. इतके तक्ते घोकत बसू नका. पाठ करायची ती प्रत्येक क्रियापदाची चार मुख्य रूपे, जी कोशातच दिलेली असतात. 'नेणे'साठी ती अशी: दूको (मी नेतो), दूकेरे (नेणे), दूक्सी (मी नेले), दुक्तुम् (न्यायला). पहिल्या दोनांवरून गण (क्रियापदांच्या चार वर्गांपैकी कोणता ते) कळतो आणि वर्तमान, अपूर्ण भूत व भविष्य तयार होतात. तिसऱ्यावरून कर्तरीचे तिन्ही पूर्ण काळ, चौथ्यावरून कर्मणीचे. रोज पाच क्रियापदे, चारही रूपे मोठ्याने म्हणून.

पुरुषप्रत्ययांचा बाऊ नको. -म् (किंवा -ओ), -स्, -त्, -मुस्, -तिस्, -न्त् हे संस्कृतच्या -मि, -सि, -ति, -मः, -थ, -न्ति यांच्या शेजारी लिहा. शाळेत संस्कृत घेतलेल्याला ते एका बैठकीत येतात. द्विवचन नाहीच. चौथे मुख्य रूपही ओळखीचे निघते: संस्कृत 'दातुम्'मधला (द्यायला) तुम् तोच. 'स्पेक्तातुम् वेनिउन्त्' म्हणजे 'बघायला येतात'.

खरी मेहनत तिसऱ्या रूपावर घ्यावी लागते, कारण ते अंदाजाने सांगता येत नाही. सीझरचे 'वेनी, वीदी, वीकी' (आलो, पाहिले, जिंकले) घ्या. वेनिओ चौथ्या गणातले, विदेओ दुसऱ्या, विन्को तिसऱ्या. पण पूर्ण भूतात तिघांनाही तोच -ई. म्हणजे इथे गणाने काही फरक पडत नाही, अंग (प्रत्ययाआधीचा भाग) मात्र प्रत्येकाचे निराळे बदलते. वेनी आणि वीदीत मूळ स्वर दीर्घ झाला, वीकीत शिवाय न् गळाला. 'दो'चे (मी देतो) 'देदी' होते, तिथे द्वित्व (पहिला वर्ण दोनदा) आहे, संस्कृत 'ददौ'सारखे.

म्हणूनच वही रोमन लिपीत ठेवा आणि दीर्घ स्वरांवर आडवी रेघ न चुकता द्या. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे दिसत नाहीत. 'वेनित्'मधला ए ऱ्हस्व असेल तर 'तो येतो', दीर्घ असेल तर 'तो आला'. छापील मजकुरात रेघ बहुधा नसते. तिथे संदर्भच पाहावा लागतो.

सर्वाधिक चुका होतात त्या -एत् या शेवटावर. 'मोनेत्' वर्तमान: तो सावध करतो. 'रेगेत्' भविष्य: तो राज्य करील. 'अमेत्' सब्जंक्टिव्ह: त्याने प्रेम करावे. शेवट एक, अर्थ तीन, कारण गण तीन. भविष्याचा -बो, -बिस्, -बित् फक्त पहिल्या दोन गणांत चालतो. तिसऱ्या-चौथ्यात -अम्, -एस्, -एत् येतात. दुसरे मुख्य रूप पाठ नसेल तर इथे दरवेळी अडायला होणार.

अनोळखी रूप आले की शेवटाकडून सोडवा. दूक्सेरन्त्: -न्त् म्हणजे 'ते', त्याआधी -एर-, म्हणजे पूर्वभूत, उरले दूक्स्, दूक्सीचे अंग. 'त्यांनी नेले होते.' कोशात मात्र ते 'दूको'खाली सापडेल, कारण लॅटिन कोशात मथळा प्रथमपुरुषी एकवचनाचा असतो, धातूचा किंवा 'नेणे'सारख्या रूपाचा नव्हे.

कर्मणीत एक फसवी जागा आहे. 'अमातुस् एस्त्' यातला 'एस्त्' (आहे) पाहून वर्तमानकाळ लावला जातो, पण अर्थ 'त्याच्यावर प्रेम केले गेले'. वर्तमानासाठी 'अमातुर्' हे वेगळे रूप आहे. आणि 'सेक्वितुर्' दिसायला तसेच कर्मणी, पण अर्थ कर्तरी: 'तो मागोमाग जातो'. अशी क्रियापदे कोशात -ओर्ने संपतात (सेक्वोर्, लोक्वोर्). संस्कृतचे आत्मनेपदी 'सचते' याच सेक्वोर्चे भावंड. त्यांची यादी पहिल्या दिवसापासून वेगळ्या पानावर ठेवा.