लिनक्सवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बसवताना : एका दहा गिगाबिट कार्डाचा अनुभव

पुण्यातील एका संशोधन गटाच्या छोट्या संगणक-कक्षाची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा पहिले मोठे काम आले ते साठवणीच्या सर्व्हरवर दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्ड बसवण्याचे. कार्ड इंटेलच्या ८२५९९ या चिपवर आधारलेले आणि दोन पोर्टचे होते. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ‘आयएक्सजीबीई’ या नावाने ओळखला जातो. कार्ड बसले, पोर्टचे दिवे लागले, पण ‘आयपर्फ३’ने मोजले तेव्हा वेग सेकंदाला ३.३ गिगाबिटच्या पुढे जाईना. कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, आलेला ड्रायव्हर जुना असावा आणि निर्मात्याकडचा नवा घातला की काम होईल, असा निष्कर्ष मी लगेच काढला. तो चुकीचा होता आणि ते कळेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत जे हाती लागले ते या कामात नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी यंत्रात सध्या काय चालू आहे ते पाहावे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा दिली की प्रत्येक कार्डासमोर चौकटी कंसात दोन क्रमांक दिसतात. पहिला निर्मात्याचा आणि दुसरा चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, रिअलटेकचा १०ईसी. त्याखालच्या ओळींत प्रत्यक्ष वापरात असलेला ड्रायव्हर आणि त्या चिपसाठी उपलब्ध असलेली मॉड्यूल्स (कर्नलमध्ये हवी तेव्हा घालता येणारी ड्रायव्हरची फाइल) यांची नावे असतात. खोक्यावर छापलेल्या नावापेक्षा या क्रमांकांवर विश्वास ठेवावा. त्यानंतर ‘ईथटूल -आय’ने ड्रायव्हरची आवृत्ती, फर्मवेअर आणि कार्डाचा पीसीआय पत्ता (यंत्रातील ज्या मार्गाला कार्ड जोडले आहे त्यावरील ठिकाण) पाहावा, ‘डीएमईएसजी’ या कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतील त्या कार्डाच्या सगळ्या ओळी वाचाव्यात, आणि हे सारे जसेच्या तसे एका फाइलमध्ये ठेवून द्यावे. मी ‘डीएमईएसजी’ उघडले होते, पण त्यात फक्त ‘एरर’ हा शब्द शोधला. माझ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवसापासून तिथेच लिहिलेले होते.

बाहेरचा ड्रायव्हर केव्हा घ्यावा, याबद्दल माझे मत आता स्पष्ट आहे. चिप इतकी नवी असेल की चालू कर्नल तिला ओळखतच नाही, किंवा आपल्याला प्रत्यक्ष भेडसावणारा एखादा दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त झाल्याची नोंद असेल, तरच तो खटाटोप करावा. एरवी कर्नलसोबतचा ड्रायव्हर कर्नलबरोबर सांभाळला जातो आणि प्रत्येक अद्ययावतीकरणात आपोआप बरोबर येतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

तरीही बाहेरचा ड्रायव्हर बांधण्याची, म्हणजे मूळ कोडपासून तयार करण्याची, वेळ आलीच, तर त्यासाठी लागणाऱ्या, चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीच्या हेडर फाइल आधी बसवाव्या लागतात. ‘यूनेम -आर’ जी आवृत्ती दाखवते तीच, तिच्या जवळपासची चालत नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेले मॉड्यूल कर्नल ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून नाकारतो. यंत्रावर सिक्युअर बूट (फक्त मान्य स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूलही नाकारले जाते. अशा वेळी स्वतःची किल्ली तयार करून ‘एमओकेयूटिल’ने तिची नोंदणी करावी लागते आणि पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ती मान्य करावी लागते. त्या क्षणी यंत्रासमोर कीबोर्ड किंवा दूरस्थ कन्सोल हवाच, कारण तोपर्यंत दुरून लॉगिन करण्याचे एसएसएच सुरू झालेले नसते.

माझ्याकडे सिक्युअर बूट बंद होते, त्यामुळे मॉड्यूल सहज बांधले गेले. पण यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ‘ईथटूल -आय’ जुनीच आवृत्ती दाखवू लागले. कारण असे की बूट होताना सर्वांत आधी ‘इनिटरामएफएस’ ही छोटी प्रतिमा स्मृतीत येते, तिच्यात ड्रायव्हरची जुनी प्रत असते आणि डिस्कवरील नव्या फाइलपर्यंत पोहोचण्याआधीच ती प्रत कार्ड ताब्यात घेते. डेबियन आणि उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’, तर फेडोराच्या कुळात ‘ड्रॅकट -एफ’ चालवून ही प्रतिमा नव्याने बनवावी लागते.

प्रतिमा नव्याने बनवल्यावर नवा ड्रायव्हर आला आणि दोन्ही पोर्ट नाहीसे झाले. आमची एसएफपी+ मॉड्यूल्स (तार जोडण्यासाठी पोर्टमध्ये बसवायचे छोटे भाग) इंटेलची नव्हती आणि हा ड्रायव्हर अशी मॉड्यूल्स मुळात स्वीकारत नाही. त्यासाठी ‘अलाउ_अनसपोर्टेड_एसएफपी’ हा पर्याय द्यावा लागतो. येथे एक बारीक खाच आहे, जी मला पुढे कर्नल बदलल्यावर कळली. निर्मात्याच्या ड्रायव्हरमध्ये हा पर्याय प्रत्येक पोर्टसाठी वेगळा, म्हणजे ‘१,१’ असा लिहितात, तर कर्नलसोबतच्या ड्रायव्हरमध्ये तो एकच अंक असतो. त्यामुळे ड्रायव्हरचे पर्याय ठेवण्याच्या ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘१,१’ लिहून ठेवले आणि अद्ययावतीकरणानंतर कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर परत आला, तर तो ही किंमत चुकीची मानून मॉड्यूलच चढू देत नाही आणि सर्व्हर नेटवर्कविना उभा राहतो. बाहेरचा ड्रायव्हर वापरणाऱ्याने तो ‘डीकेएमएस’मार्फत बसवावा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधला जातो; हाताने ‘मेक इन्स्टॉल’ केलेला ड्रायव्हर त्या एकाच कर्नलपुरता असतो.

मॉड्यूल काढून पुन्हा घालताना ज्या कार्डावरून आपण लॉगिन झालो आहोत तेच कार्ड बंद पडते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. माझ्याही आले नाही आणि रात्री नऊ वाजता कक्षात परत जावे लागले. तेव्हापासून मी काढण्याची आणि घालण्याची आज्ञा एकाच ओळीत, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या ‘टीमक्स’च्या सत्रात देतो, आणि त्याआधी ‘अ‍ॅट’ने दहा मिनिटांनंतरचे रीबूट ठरवून ठेवतो. सगळे ठीक झाले तर ते रद्द करता येते.

इतके सारे केल्यावर वेग पुन्हा मोजला, तो ३.३ गिगाबिटच.

तेव्हा प्रथमच मी पॅकेट कुठे हरवते ते पाहू लागलो आणि खरे काम तेथून सुरू झाले. ‘ईथटूल -एस’, यातील एस कॅपिटल, कार्डाचे सगळे मोजक दाखवते. सर्व्हरकडे माहिती येत असताना ‘आरएक्स_मिस्ड_एरर्स’ हा आकडा सतत वाढत होता. त्याचा अर्थ असा की पॅकेट तारेतून कार्डापर्यंत नीट पोहोचले, पण कार्डाच्या आतील साठा भरलेला असल्याने टाकून द्यावे लागले. आमच्या स्विचवर फ्लो कंट्रोल (साठा भरला की पाठवणाऱ्याला थांबवण्याची सोय) बंद होते, म्हणून ही गळती उघड दिसली. साठा भरण्याची कारणे दोन असू शकतात : पॅकेट ठेवण्यासाठी मुख्य स्मृतीत जागा राखलेली नसणे, किंवा तिथपर्यंत नेणारा पीसीआय मार्ग अरुंद असणे. मी पहिले कारण धरून रिंग, म्हणजे मुख्य स्मृतीत पॅकेटसाठी राखलेल्या जागांची रांग, ५१२ वरून ४०९६ केली. काहीच फरक पडला नाही.

मग ‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. ‘लिंककॅप’ या ओळीत कार्डाची क्षमता आठ लेनची, म्हणजे माहिती वाहणाऱ्या आठ मार्गिकांची, होती आणि ‘लिंकस्टा’च्या ओळीत प्रत्यक्ष जोडणी एकाच लेनची. ८२५९९ ही पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीची चिप आहे. त्या पिढीत प्रत्येक लेनमधून ८बी/१०बी संकेतन (दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवणे) वजा जाता सेकंदाला ४ गिगाबिट जातात आणि पीसीआय पॅकेटच्या शीर्षकांचा भार उणे केला की साधारण तेवढेच उरते जेवढे मला मिळत होते. ‘डीएमईएसजी’मध्येही तीच ओळ होती : उपलब्ध ४ गिगाबिट, क्षमता ३२ गिगाबिट. यंत्र बंद केले, कार्ड काढून त्याचे संपर्क पुसले आणि ते खाचेत पूर्ण दाबून बसवले. आठही लेन जुळल्या आणि ‘आयपर्फ३’ने ९.४१ गिगाबिट दाखवले.

हा ९.४१ आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० बाइट असताना प्रत्येक फ्रेम (तारेवरून जाणारे पॅकेट) तारेवर १५३८ बाइटची जागा घेते आणि टाइमस्टॅम्पसह टीसीपीमध्ये तिच्यातून १४४८ बाइट उपयोगी माहिती जाते. त्यांचे गुणोत्तर ९४.१ टक्के येते. म्हणजे त्यापलीकडे ड्रायव्हर कितीही बदलला तरी काही मिळणार नाही. एमटीयू ९००० केल्यास ९.९ गिगाबिट शक्य होतात, पण त्यासाठी वाटेतील प्रत्येक स्विच आणि प्रत्येक यंत्र तसेच असावे लागते. एक जरी राहिले तर जोडणी होते आणि मोठी फाइल मध्येच अडकते.

यानंतर रिंगचा खरा उपयोग दिसला. गणन करणारी अनेक यंत्रे एकाच वेळी निकाल लिहू लागली की तोच मोजक अधूनमधून थोडा वाढे. पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पूर्ण आकाराच्या फ्रेम येतात. एकाच रांगेत आल्या तर ५१२ जागा ०.६३ मिलिसेकंदात भरतात आणि ४०९६ जागा सुमारे ५ मिलिसेकंदात. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्या कामातून मोकळा होऊन पॅकेट उचलू शकतो. चाचणीनंतर मी रिंग पुन्हा ५१२ वर आणली होती. ती ४०९६ केल्यावर मोजक थांबला. मात्र ही आज्ञा देताना लिंक क्षणभर तुटते आणि रीबूटनंतर किंमत पुसली जाते, म्हणून ती सिस्टमडीच्या ‘.लिंक’ फाइलमध्ये लिहून ठेवावी.

इंटरप्ट, म्हणजे पॅकेट आल्याची प्रोसेसरला सूचना, किती वेळाने द्यावा हे ठरवणारी ‘आरएक्स-यूसेक्स’ ही किंमत मी बदलून पाहिली आणि परत पूर्ववत केली. या ड्रायव्हरमध्ये मूळ मांडणी भारानुसार स्वतः जुळवून घेते आणि साठवणीच्या कामाला तेवढे पुरते. दोन प्रोसेसरच्या यंत्रात मात्र कार्ड कोणत्या नूमा नोडला (एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची स्मृती) जोडलेले आहे ते ‘सिस’ फाइलप्रणालीत पाहून साठवणीची सेवा त्याच बाजूला चालवण्याचा फायदा झाला. यंत्र ब्रिज किंवा राउटर म्हणून वापरायचे असेल, तर एलआरओ (आलेली अनेक पॅकेट जोडून एक मोठे करणारी सोय) बंद ठेवावे.

त्या सर्व्हरवर आज कर्नलसोबतचाच ड्रायव्हर आहे. निर्मात्याचा मी काढून टाकला, ‘मॉडप्रोब.डी’मधील ‘१,१’च्या जागी ‘१’ लिहिला, रिंग ४०९६ ठेवली आणि बाकी सर्व किमती मूळच्या राहू दिल्या.