पोटरी दुखते म्हणून लगेच चोळू नका: पायातल्या रक्ताच्या गुठळीबाबत या चुका टाळा

पोटरी दुखायला लागली की आपला हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. चोळायचं, शेकायचं, पाय उशीवर ठेवून दोन दिवस पडून राहायचं. स्नायू दुखावला असेल तर यातलं बरंचसं खपून जातं. पण पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्त गोठलं असेल, तर हेच घरगुती शहाणपण अंगाशी येतं. या आजाराला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजेच डीव्हीटी म्हणतात. त्यात होणाऱ्या चुका बहुतेक वेळा हलगर्जीपणाच्या नसतात. माणूस काळजी घेतच असतो, फक्त भलत्याच दुखण्याची.

गुठळी होते कशी, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. पाय तासन्‌तास हलला नाही, तर या झडपांमागच्या खळग्यांत रक्त रेंगाळतं आणि गुठळीची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते. मंदावलेला प्रवाह, शिरेच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ ही तीन कारणं जर्मन वैद्य रूडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने आजही शिकवली जातात. त्यातलं एकच कारण असेल तर शरीर बहुधा निभावून नेतं, दोन-तीन एकत्र आली की बिनसतं. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया म्हणूनच जोखमीची, तिथे तिन्ही जमतात. कर्करोग, गरोदरपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, लठ्ठपणा, वाढतं वय, प्लॅस्टरमधला पाय, आधी कधी झालेली गुठळी, घराण्यात चालत आलेला रक्ताचा दोष हे सगळे या तिघांपैकी कुणाच्या ना कुणाच्या बाजूने उभे राहतात.

चोळणं

ताजी गुठळी शिरेच्या भिंतीला पक्की चिकटलेली नसते. तिचं शेपूट रक्ताच्या प्रवाहात मोकळं हलत असतं. जोर लावून चोळलं तर त्याचा तुकडा सुटू शकतो. मग तो मांडीतून ओटीपोटात, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि पुढे फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असेल तर जीव जायला काही मिनिटंही पुरतात. एका पायाला कारण सापडत नसलेली सूज आहे, तोवर मालिश नाही आणि पाय दाबायचं यंत्रही नाही. आधी तपासणी होऊ द्या.

दुखऱ्या पायाकडेच पाहत बसणं

खरी खूण दोन पायांच्या फरकात असते. संध्याकाळी दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर कारण बहुधा दुसरं असतं: खूप वेळ उभं राहणं, हृदय, मूत्रपिंड किंवा एखादं औषध. एकच पाय सुजला, जड झाला, तट्ट वाटायला लागला, तर मात्र डीव्हीटीचा विचार आधी यायला हवा. घरात शिवणकामाची टेप असेल तर मापून बघा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्या. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरही त्याला महत्त्व देतात. फरक कमी निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका, हे माप फक्त संशय वाढवायला उपयोगी आहे.

लालीचंही तसंच. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही, त्यामुळे रंगापेक्षा उष्णता बघावी. हाताची पालथी बाजू आधी एका पोटरीला, मग दुसरीला लावायची. आणखी एक जुनी खूण लोक अजून वापरतात: पंजा वर ओढायचा आणि पोटरीत कळ येते का बघायचं. ती विसरून जा. गुठळी नसतानाही कळ येते, आणि असूनही येत नाही.

डाव्या पायात डीव्हीटी थोडी जास्त आढळते. ओटीपोटात डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून एक धमनी आडवी जाते आणि तिला दाबते, हे त्याचं एक कारण. गरोदरपणी हा दाब आणखी वाढतो.

स्वतःच रक्त तपासून निकाल लावणं

गुठळी विरघळताना रक्तात उतरणारे अवशेष मोजणारी डी-डायमर नावाची रक्ततपासणी आता सहज करून मिळते, आणि तिचा अर्थ लोक घरीच लावतात. हा आकडा जंतुसंसर्गात वाढतो, गरोदरपणात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर वाढतो, वयाबरोबरही वाढतो. म्हणजे वाढलेल्या आकड्याने गुठळी सिद्ध होत नाही. तो कमी आला तर दिलासा मिळतो, पण डॉक्टरांनी तपासून शक्यता मुळातच कमी ठरवली असेल तरच. खरा निकाल सोनोग्राफी देते. शिरेवर यंत्राने दाब दिला की निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पहिल्या तपासणीत काही सापडलं नाही आणि संशय कायम राहिला, तर साधारण आठवड्याने ती परत करायला सांगतात. हा दुसरा फेरा बुडवू नये. पोटरीतली लहान गुठळी मधल्या दिवसांत वर सरकलेली असू शकते.

घरी आलो म्हणजे सुटलो, असं समजणं

माझ्या मते यात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात सगळ्यांचं लक्ष असतं: इंजेक्शन वेळेवर, चालायला लावणारी परिचारिका. घरी आल्यावर टाके सुकतात, पाहुणे येतात, आणि उरलेली औषधं कपाटात जातात. धोका मात्र पुढचे काही आठवडे तसाच असतो. खुब्याचा सांधा बदलल्यावर गुठळी रोखणारं औषध ३५ दिवसांपर्यंत देतात, ते उगाच नाही. बाळंतिणीचंही तसंच आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो. बाळाच्या नादात आईच्या सुजलेल्या पायाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन चालू असतील तर शस्त्रक्रियेच्या आधीच सांगा. पण घाबरून गोळी परस्पर बंद करू नका. नको असताना दिवस गेले, तर गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणातच जास्त असतो.

दोष फक्त विमानाला देणं

विमानप्रवासाशी या आजाराचं नाव इतकं जोडलं गेलंय की बस, रेल्वे, मोटार आणि टेबलाजवळची खुर्ची यांचा विसरच पडतो. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांवर रात्र रात्र बसून काढत. त्यांच्यात फुफ्फुसातल्या गुठळीने होणारे अचानक मृत्यू वाढल्याचं त्याच वर्षी डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. ४ तासांपेक्षा जास्त वेळ पाय लोंबकळत ठेवून बसणं, मग ते कुठेही असो, मोजणीत धरावं. उठून चालता आलं तर उत्तमच. नाही तर टाचा वर-खाली करत पोटरी आवळत राहायची. झोपेची गोळी किंवा मद्य घेऊन एकाच अवस्थेत गाढ झोपणं टाळावं. निरोगी माणसाला अशा प्रवासाचा धोका फार नसतो, पण नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा पूर्वी गुठळी झाली होती त्याने निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. प्रवासापूर्वी आपल्या मनाने ॲस्पिरिन घेणं हा त्याला पर्याय नाही.

दाबाचे मोजे मापाने घ्यायचे असतात. वरची कड गुंडाळून खाली सरकवली की तिथे दोरी बांधल्यासारखा आवळा बसतो आणि रक्त उलट अडतं. पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा कमी असेल तर हे मोजे घालूच नयेत.

सूज उतरली म्हणून गोळी सोडणं

‘रक्त पातळ करणारी’ हे नावच फसवं आहे. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही आणि गुठळी विरघळतही नाही. त्या गुठळीला वाढू देत नाहीत, मग विरघळवण्याचं काम शरीर सावकाश करतं. त्यासाठी किमान ३ महिने औषध लागतं, काहींना कायमचं. नव्या गोळ्यांचा असर साधारण दिवसभरात ओसरतो, त्यामुळे ‘एक दिवस राहिली तर काय’ हा हिशेब इथे चालत नाही. त्यांपैकीच रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. वॉरफेरिन हे जुनं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडू नयेत, फक्त रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्याची तपासणी चुकवू नये. हा आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या विचारल्याशिवाय नकोत. डोक्याला मार लागला किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर वाट न बघता रुग्णालय गाठावं.

औषध सुरू झाल्यावर अंथरुणाला खिळून राहण्याची गरज बहुतेकांना नसते. पूर्वी तसं सांगत. आता डॉक्टरांच्या परवानगीने लवकर चालायला लावतात, आणि त्याने पायही लवकर हलका होतो.

छातीचं दुखणं वेगळं समजणं

फुफ्फुसात सापडणारी गुठळी बहुधा दुसरीकडून वाहत आलेली असते, हे फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिलं होतं. तरीही एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ आली, तर त्या घाईत मागच्या आठवड्यातली पोटरी आठवत नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टर समोर आले की छातीबरोबर पायाचंही सांगा: कोणता पाय, कधीपासून, आणि त्याआधी काय झालं होतं.