झाडाने मान टाकली? थांबा, आधी मातीत बोट घाला

टोमॅटोची पानं लोंबलेली दिसली की लोक धावत झारी आणतात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता चिडचिड होते. अर्थात पहिलं झाड मीही असंच मारलं. पानं खाली वळली, पाणी घातलं. संध्याकाळी आणखी वळली, आणखी घातलं. चौथ्या दिवशी कुंडी उपडी केली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वास. तहान कसली, झाड बुडत होतं!

पाणी साचलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही. मग ती एसीसी नावाचं रसायन वर पाठवतात. त्याचं इथिलीन (झाडाचं वायुरूप संप्रेरक) व्हायला प्राणवायू लागतो, तो पानांत असतो. तिथे इथिलीन तयार होतं आणि देठ खाली झुकतात. म्हणजे निरोप होता ‘पुरे’, मी वाचला ‘आणखी’. तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत घालतो. ओल लागली की झारी जागेवर.

दुसरी चूक: झाड कोमेजेपर्यंत त्याला दुष्काळ कळतच नाही, असं समजणं. त्याला आपल्या आधी कळतं. माती सुकू लागली की ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, पर्णरंध्रांच्या (पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांच्या) कडेच्या रक्षक पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात, त्यांच्यातलं पाणीही जातं, त्या ढिल्या पडतात आणि रंध्रं मिटतात. अर्धी मुळं कोरड्या मातीत आणि अर्धी ओल्या मातीत ठेवली, तर पानांत पुरेसं पाणी असूनही रंध्रं काही प्रमाणात मिटलेली आढळतात. पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, वाढ मंदावते. उतावळ्यांना वाटतं झाड उपाशी आहे, आणि ते कोरड्या मातीत खत ओततात. क्षार वाढले की मुळांना उरलंसुरलं पाणी ओढणं आणखी जड जातं. मी आधी पाणी देतो, खताचं नंतर बघतो.

‘ॲब्सिशन’ म्हणजे गळणं, पण या नावावरून ॲब्सिसिक आम्लच पानं गाळतं असं समजू नका. ते काम मुख्यतः इथिलीनचं.

हेच आम्ल फवारून दुष्काळ टळेल, हाही एक शॉर्टकट. ते उन्हात लवकर निकामी होतं, आणि टिकलं तरी रंध्रांबरोबर वाढही रोखतं.

शेवटची चूक अधीरांची: खऱ्या तहानेल्या झाडाला भरपूर पाणी दिलं आणि तासाभरात पुन्हा दिलं. पानं ताठ झाली तरी साठलेलं आम्ल मोडेपर्यंत रंध्रं पूर्ण उघडत नाहीत. जास्त ताण बसला असेल तर काही दिवसही लागतात. तोवर मी झारी कपाटात ठेवतो.