९ एमएम रीलोड केलेला राउंड चेंबरमध्ये बसत नाही? क्रिम्प आवळण्याआधी हे वाचा

अमेरिकेत घरी रीलोडिंग (झाडलेल्या काडतुसाचं कवच पुन्हा भरणं) करणारे ओळखीतले मराठी लोक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, राउंड (भरलेलं काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत, पूर्ण जात नाही, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) अर्धवट थांबते, काय करू? आणि कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं की क्रिम्प (बुलेटभोवती आवळलेलं काडतुसाचं तोंड) अजून टाईट कर. हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो, कारण ९ एमएममध्ये तो नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे.

आधी कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं रीलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायचं असेल तर लागतं, राज्याचे आणि गावाचे नियम आपापले तपासा. भारतात वाचणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नका, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. आणि पावडर किती घालायची ते मी इथे सांगणार नाही, ते तुमच्या नेमक्या पावडर आणि बुलेटसाठी छापील मॅन्युअलमध्येच बघायचं.

सायझिंग करताना, म्हणजे झाडलेली पितळी केस (काडतुसाचं कवच) डायमध्ये (साच्यात) दाबून मूळ मापावर आणताना, प्रेसचं हँडल मध्येच अडलं तर जोर लावू नका, केस काढून आत टॉर्च मारा. खडा असेल, किंवा तळाला मधोमध एका भोकाऐवजी दोन बारीक भोकं असतील तर ती बर्डन प्राइमरची केस आहे (प्राइमर म्हणजे तळातली ठिणगी देणारी टोपी), तिने जुना प्राइमर ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन मोडते, फेकून द्या. कार्बाइड डाय असली तरी थोडं ल्यूब मारा, हाताला फरक कळतो.

प्राइमर आत जात नसेल तर केसचा तळ बघा. वर्तुळात क्रॉस असा नाटोचा शिक्का असेल तर प्राइमर पॉकेटच्या कडेला मिलिटरी क्रिम्प (प्राइमर पक्का करायला दाबलेली कड) असतो, तो स्वेजिंगने, म्हणजे कड दाबून मागे सारून, काढा नाहीतर ती केस बाजूला ठेवा. जिवंत प्राइमरवर हँडल आपटायचं नाही, म्हणजे नाहीच. प्राइमर वर राहत असेल तर बहुतेक वेळा शेलप्लेट (प्रेसवर केसेस धरणारी चकती) सैल असते किंवा पॉकेटमध्ये काजळी असते. प्रत्येक केसच्या तळावरून बोट फिरवा, प्राइमर कडेपेक्षा किंचित खाली लागला पाहिजे.

पावडर मेझर कमीजास्त टाकत असेल तर आधी काट्यावर संशय घ्या. पंखा आणि एसी बंद करा, चेक वेट ठेवून बघा, सुरुवातीचे काही माप परत डब्यात ओता, मग तोला. पण यातली खरी भीती वेगळी आहे, काहीतरी अडकतं, आपण थांबतो, दुरुस्त करतो, आणि त्या गडबडीत एका केसमध्ये पावडर दोनदा पडते किंवा पडतच नाही. म्हणून मध्ये थांबलात की प्लेटवरच्या सगळ्या केसेस काढा, पावडर परत ओता आणि पहिल्यापासून सुरू करा. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोळ्याने बघायचं, त्यासाठी प्रेसवर दिवा लावा.

आता मुख्य गोष्ट, बेल (बुलेट ठेवायला फाकवलेलं केसचं तोंड), सीटिंग (बुलेट आत बसवणं) आणि क्रिम्प. मी स्वतः सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच.

९ एमएमची केस चेंबरमध्ये तिच्या तोंडाच्या कडेवर टेकते. .३८ स्पेशलसारख्या रिव्हॉल्व्हरच्या केसला मागे रिम (बाहेर आलेली कड) असते आणि ती तिच्यावर टेकते, म्हणून तिथे तोंड आत वळवणारा रोल क्रिम्प चालतो, इथे नाही चालत. इथे फक्त टेपर क्रिम्प, आणि त्याचं काम एवढंच की बुलेट ठेवायला आपण केसचं जे तोंड फाकवलं ते परत सरळ करायचं. बुलेट धरून ठेवते ती सायझिंगने आलेली केसची पकड, क्रिम्प नव्हे. जास्त आवळलंत की पितळ थोडं परत उघडतं पण दबलेली बुलेट परत फुगत नाही, म्हणजे घट्ट करायला गेलात आणि बुलेट सैल झाली. मग ती फीड रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून आत सरकते, आतली जागा कमी होते, प्रेशर वाढतं.

त्यामुळे नजरेवर न जाता व्हर्नियर घ्या. बुलेट ०.३५५ इंच, केसची भिंत दोन्ही बाजूंनी साधारण ०.०११, बेरीज ०.३७७. तोंडाची कमाल मर्यादा ०.३८०. मी ०.३७७ ते ०.३७९ मध्ये थांबतो, कोटेड (लेप दिलेली शिशाची) बुलेट ०.३५६ ची असेल तर त्यातल्या वरच्या टोकाला. माप अगदी तोंडाच्या कडेवर घ्या, जबड्याच्या पातळ भागाने, खाली सरकलात तर आकडा काहीच सांगत नाही. खात्री हवी तर पुलरने एक बुलेट काढून बघा. अंगावर पुसट रेघ असेल तर ठीक, नखाला खोबण लागली तर क्रिम्प जास्त आहे.

डाय लावायची ती अशी. सीटिंग डाय केसच्या तोंडाला टेकेपर्यंत खाली आणा, मग पूर्ण एक फेरा वर घेऊन लॉकनट आवळा, म्हणजे ती क्रिम्प करणार नाही, नुसती बुलेट बसवेल. क्रिम्पला वेगळी डाय वापरा. एकाच डायमध्ये दोन्ही होतं हे मला माहीत आहे, पण बुलेट अजून खाली जात असताना तोंड बंद व्हायला लागलं की कड बुलेटला खरवडते आणि मग कोट निघणं, बुलेट तिरकी बसणं, केस फुगणं हे सगळं एकदम सुरू होतं. वेगळ्या डायचा खर्च करा. मात्र कार्बाइड रिंगने अख्खा राउंड दाबणारी डाय कोटेड शिशाच्या बुलेटला मी वापरत नाही, ती आतली बुलेटही दाबते आणि मूळ दोष झाकते.

एवढं करूनही अडतंय तर पिस्तूल रिकामं आहे ना ते बघा, बॅरल बाहेर काढा आणि राउंड नुसता चेंबरमध्ये सोडा. टक् असा आवाज होऊन बसला पाहिजे, बोटाने फिरला पाहिजे, उलटं केल्यावर आपोआप पडला पाहिजे. नसेल होत तर काळ्या मार्करने राउंड पूर्ण रंगवा, परत सोडा, थोडा फिरवा आणि शाई कुठे खरडली ते बघा. केसच्या तोंडाशी खरडली तर बेल शिल्लक आहे, क्रिम्प डाय अगदी किंचित खाली घ्या. बुलेटवर खरडली तर राउंड लांब आहे, बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पीळदार खाचांना) टेकतेय. ९ एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच असली तरी बुलेटच्या आकाराप्रमाणे तुमची बॅरल त्याहून कमी मागू शकते, पण लांबी कमी केली की प्रेशर वाढतं, तेव्हा आधी मॅन्युअल उघडा. मध्ये एकाच बाजूला खरडली तर बुलेट तिरकी बसलीय, बेल थोडी वाढवा आणि सीटिंग स्टेम (बुलेट दाबणारा दांडा) बुलेटच्या नाकाला जुळतोय का बघा. तळाशी खरडली तर सायझिंग डाय शेलप्लेटपर्यंत खाली आलेली नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोक ते न करता क्रिम्प डाय फिरवत बसतात.

शेवटची तपासणी पकडीची. राउंडची लांबी मोजा, बुलेटचं नाक लाकडी टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा, परत मोजा. लांबी कमी झाली तर तो अख्खा लॉट थांबवा.

नापास राउंड स्लाइडला धपाटे मारून चेंबरमध्ये बसवायचे नाहीत, गॉगल लावून पुलरने सुटे करा. काम झालं की हात साबणाने धुवा, काजळीत शिसं असतं. आणि रेंजवर कधी फुस्स असा दबका आवाज आला किंवा झटका कमी वाटला तर ट्रिगर परत ओढू नका, पिस्तूल रिकामं करा आणि बॅरलमध्ये रॉड घालून बघा, बुलेट आत अडकली असेल तर पुढची गोळी बॅरल फोडते.