इंदूरच्या घरात व्हायोलेट: अंगणात एक, खिडकीत दुसरं

नर्सरीत ‘व्हायोलेट’ मागितलं की माळी दोनांतलं एक रोप पुढे करतो: पॅन्सी-व्हायोला, नाहीतर आफ्रिकन व्हायोलेट. दोघांचं नातं फक्त नावापुरतं. पॅन्सी ही बनफशाची, म्हणजे सुगंधी व्हायोलेटची, बहीण. आफ्रिकन व्हायोलेट मूळचं टांझानियातलं. १८९२च्या सुमारास सेंट पॉल आडनावाच्या जर्मन अधिकाऱ्याने ते युरोपात धाडलं, म्हणून सेंटपॉलिया.

पॅन्सीचं बी पितृपक्ष सरला की पेरा. आपली माळव्याची काळी माती एकटी चालत नाही, पाणी धरते आणि मुळं कुजतात. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू घ्या. बी जेमतेम झाकलं जाईल एवढीच माती वर भुरभुरा आणि कोंब दिसेपर्यंत गोणपाट टाका. या बियाण्याला अंधार हवा. चार-पाच पानांचं रोप सहा इंची कुंडीत, सकाळच्या उन्हात. सुकली फुलं खुडत राहा. रंगपंचमीच्या गेरीपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, बहर टिकतो, मग उपटून टाका. दया दाखवून उपयोग नाही.

बी धरायचं तर बोंडावर लक्ष ठेवा. खाली झुकलेलं बोंड मान वर करून फिकं पडलं की ते तीन फाकांत उकलतं आणि बी उडून जातं. आधीच मलमलची पुरचुंडी बांधा. संकरित जातीचं बी मात्र आईसारखं निघेलच असं नाही.

निरनिराळ्या जाती जमवायच्या, तर आफ्रिकनच बरं. एका पानावर झाड होतं. मधल्या वयाचं पान निवडा, देठ दीड इंच ठेवून तिरपा कापा आणि ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांच्या मिश्रणात खोचा. वर प्लॅस्टिकची पिशवी. महिन्याभरात मुळं, दोन-तीन महिन्यांत देठाशी उंदराच्या कानांएवढी पानं.

पट्टेरी फुलांच्या जातीला हे लागू नाही. मावशीकडून असं पान मागून आणलं, आठ महिने जपलं, आणि फुललं ते साधं जांभळं! पट्टे पेशींच्या दोन वेगळ्या थरांमुळे येतात. पानातून फुटणारं रोप बहुधा एकाच थराचं असतं. तिथे पानाच्या बगलेत फुटलेलं पिल्लू, म्हणजे छोटं रोपच मागा.

कुंडी तीन-चार इंची, जागा पूर्वेच्या खिडकीत. पाणी बशीतून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओता. जानेवारीतलं गार पाणी पानांवर पडलं की पांढरट डाग पडतात, ते जात नाहीत. मे महिन्यात कूलरच्या खोलीत ठेवा, झोतासमोर नको.

प्रत्येक कुंडीत जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी, पेन्सिलीनेच. शाई धुऊन जाते. आणि नवं रोप आणलं की महिनाभर दुसऱ्या खोलीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर ती कीड समजा, बाकीच्यांजवळ नेऊच नका.