खाऱ्या हवेतलं भंगार: विकण्याआधी या चुका टाळा

रत्नागिरी असो, हर्णै असो की मालवण, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात भंगार लवकर साठतं. पत्र्याची चाळण होते, ग्रिल सोलपटतं, विहिरीवरची मोटर दर दोन-चार वर्षांनी दम तोडते. हा ढीग एकदाचा जावा म्हणून लोक सगळं एका गोणीत भरतात आणि फाटकाशी आलेल्या टेम्पोत टाकतात. "वहिनी, हे सगळं मिक्स आहे, लोखंडाच्याच भावात जाईल," असं ऐकायला मिळतं. त्यात भंगारवाल्याची काही लबाडी नसते. निवडायला त्याला माणूस लावावा लागतो आणि त्याची मजुरी तो तुमच्याच भावातून कापतो.

रंग बघून धातू ठरवणं

घाटावर ही चूक एक वेळ खपून जाते, किनाऱ्यावर नाही. इथे तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि शेजारच्या लोखंडाचा तांबडा गंज सगळ्यांवर ओघळतो. म्हणून हातात कानस हवीच. कोपऱ्यावर चार हात मारा आणि आतला रंग बघा. तांबं लालसर, पितळ पिवळं, ॲल्युमिनियम पांढरं-चंदेरी.

चार हातही कधी पुरत नाहीत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि वरच्या थरात नुसतं पोकळ, तांबूस तांबं उरतं. होडीचे जुने स्क्रू आणि व्हॉल्व्ह असे लाल झालेले सापडतात. घरच्यांना वाटतं तांबं, दुकानदार खोल घासतो आणि आतून पिवळं निघतं. असा तुकडा ठिसूळही झालेला असतो, हातोडीच्या एका घावात मोडतो. नव्या तांब्याचा तुकडा वाकेल, तुटणार नाही.

नळाचं तर विचारूच नका. वरून सगळे नळ सारखेच चकचकीत. आत पितळ असेल, जस्ताचा ओतीव धातू असेल, नाहीतर निव्वळ प्लास्टिक. प्लास्टिक हातात घेताच हलकं लागतं. बाकी दोघांसाठी नळाच्या तळाशी, जिथे आटे आहेत तिथे कानस लावा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी राहिलं तर जस्त. पितळेचा निघाला तर दांडीचा लोखंडी स्क्रू आणि आतलं रबर काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्यासाठी अख्खा नळ 'अटॅचमेंट', म्हणजे दुसरं काही चिकटलेला माल, म्हणून कमी भावात जातो.

चुंबकावर डोळे मिटून विश्वास

चुंबक चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की महाग धातू, हा हिशेब अर्धाच खरा. स्टीलची बरीचशी भांडी चुंबकाला चिकटत नाहीत, पण त्यांत महाग आणि स्वस्त असे दोन्ही प्रकार असतात. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल त्याहून कमी. दोघांकडेही चुंबक ढुंकून बघत नाही. उलट ३०४ चा पत्रा वाकवून, दाबून काढला असेल तर वळणापाशी चुंबक किंचित ओढलं जातं. हा फरक घरी कळणं कठीण. मोठ्या वखारीत तपासून घ्या आणि स्टीलचा ढीग तोवर वेगळा ठेवा.

ग्राइंडर असेल तर ठिणग्याही बोलतात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि भरपूर, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आखूड आणि लालसर. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम यांना ठिणगीच नाही.

वायर जाळणं

हे करूच नका. वायरवरच्या प्लास्टिकचा (पीव्हीसी) धूर विषारी असतो आणि जळून काळं पडलेलं तांबं सोललेल्या स्वच्छ तांब्यापेक्षा कमी भावात जातं. जाड केबल सोला, बारीक वायर तशीच विका. पंख्याच्या आणि मोटरच्या वाइंडिंगमध्ये आणखी एक फसगत आहे: कधीकधी तार ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याच्या रंगाचा लेप (इनॅमल) असतो. ब्लेडने खरवडा, पांढरं निघालं की समजा. वजनही सांगतंच. एका घनसेंटिमीटर तांब्याचं वजन सुमारे ९ ग्रॅम, ॲल्युमिनियमचं २.७.

बंदरावरचं भंगार घरच्यासारखं समजणं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि दुरुस्तीतून बरंच सामान निघतं. होडीचा पंखा (प्रोपेलर) बहुधा पितळेचा किंवा ब्राँझचा, त्याचा दांडा (शाफ्ट) स्टीलचा. दोन्ही सुटे करूनच द्या. बोटीच्या तळाला लावलेले अर्धवट झिजलेले राखाडी ठोकळे शिसं म्हणून विकले जातात. ते सहसा जस्ताचे असतात, काही ॲल्युमिनियमचेही. शिशावर नखाने ओरखडा उठतो, जस्तावर उठत नाही.

जाळ्याचं शिसं मात्र घरच्या चुलीवर वितळवू नका. ३२७ अंशांनाच ते पातळ होतं, म्हणून सोपं वाटतं. पण त्याची धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला धोक्याची. हाताळलं तरी हात साबणाने धुऊन मगच जेवायला बसा. बॅटऱ्याही फोडू नका, आत गंधकाम्ल असतं. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच द्या. डिझेलची रिकामी टाकी धुतल्याशिवाय गॅस कटरखाली नेऊ नका, आतली वाफ पेटते. फ्रिजचा कॉम्प्रेसरही कापू नका, त्यात गॅस आणि तेल असतं. तो अख्खाच विका.

पावसाळ्यात सगळं एकत्र बाहेर ठेवणं

मृगाआधी विकता आलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर निदान तांबं आणि ॲल्युमिनियम एका ओल्या गोणीत ठेवू नका. खारं पाणी लागलं की तांब्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. लोखंडाचे पोपडे सुटतात, पत्रा हातातच तुटतो. चिखल भरलेलं सामान काट्यावर चढलं की दुकानदार घट धरणारच, आणि ती अंदाजाने धरतो. त्यापेक्षा धुऊन, वाळवून न्या.

काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का आहे ना, तेवढं बघा. आणि ढिगात आजीची समई किंवा तांब्याचा बंब असेल तर तो काट्यावर चढवण्याआधी जुन्या वस्तू घेणाऱ्या एखाद्याला दाखवा. चांगल्या घडणीच्या वस्तूला धातूच्या वजनापेक्षा बराच जास्त भाव येतो.