ठाणे सोडून उन्हाच्या, निर्धोक गावी जाण्यापूर्वी: तयारीची यादी

घोडबंदर रस्त्यावर किंवा कोपरखैरणे-घणसोलीच्या दाटीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अनेक कुटुंबांना भर दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि पावसाळ्याचे चार महिने कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. घरात संधिवाताचे किंवा दम्याचे वयस्कर माणूस असेल तर या ओलीचा त्रास रोजचाच होतो. निवृत्तीनंतर, किंवा घरून काम करण्याची मुभा मिळाल्यावर, एखाद्या लहान, उन्हाच्या आणि निर्धोक गावी कायमचे राहायला जावे हा विचार त्यातून येतो आणि तो अगदी योग्य आहे. अडचण अशी की गाव बहुधा दिवाळीच्या सुट्टीत पसंत केले जाते आणि त्या दिवसांत महाराष्ट्रातले जवळजवळ प्रत्येक गाव देखणे असते. म्हणून यादीतले पहिले काम हे की मनात भरलेले गाव एकदा मे महिन्याच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुक्काम करून पाहावे, आणि तोपर्यंत कोणालाही विसार देऊ नये.

उन्हाचा हिशेब सह्याद्रीपासून सुरू होतो. डोंगराच्या पश्चिमेला, म्हणजे दापोली, चिपळूण, सावंतवाडी या पट्ट्यात, वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर ऊन हे अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यासारखे असते. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस होतो, तर तिथून पसरणीचा घाट उतरून तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजाराच्या आत येतो आणि आणखी पूर्वेला फलटणकडे गेल्यावर याहूनही बराच कमी होतो. ठाण्याचा पाऊस सोसवत नाही म्हणून निघालेल्या माणसाने दापोलीत घर घेतले तर त्याने ओल टाळलेली नाही, वाढवली आहे. ज्याला समुद्र आणि हिरवाई हवी त्याने कोकणात जरूर जावे. ज्याला भिंती कोरड्या हव्यात त्याने मात्र घाट ओलांडून पर्जन्यछायेतली, म्हणजे डोंगराआडची कमी पावसाची, गावे पाहावीत: वाई, फलटण, सासवड, जुन्नर, संगमनेर ही नावे यादीत घेण्याजोगी आहेत. हवामान खात्याची दीर्घकालीन सरासरी उपलब्ध असते. तिच्यातला वर्षाचा एकूण आकडा पाहून थांबू नये, कोणत्या महिन्यात किती दिवस पाऊस पडतो ते पाहावे.

गाव उन्हाचे असले म्हणजे घर उन्हाचे असतेच असे नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे हिवाळ्यातले हवेहवेसे ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून आत येते. वाईच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या दुपारी सात मीटर उंचीच्या दुमजली इमारतीची सावली उत्तरेकडे सहा मीटरांहून थोडी अधिक पडते, तेव्हा दक्षिणेकडचा शेजारी तेवढ्या अंतराच्या आत असेल तर तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना थंडीत ऊन मिळणार नाही. शेजारी मोकळा प्लॉट असल्यास तिथे उद्या किती मजले चढू शकतात हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावे. घर पाहायला जाताना मालकाने दाखवलेल्या दिवाणखान्यात रेंगाळण्यापेक्षा स्वयंपाकघराच्या मागे आणि न्हाणीघराशेजारी जावे, कपाट थोडे ओढून त्यामागच्या भिंतीवर तळहात टेकवावा, रंगाचे पापुद्रे सुटतात का ते पाहावे आणि बाहेरून उत्तरेची भिंत शेवाळली आहे का ते तपासावे. नुकताच दिलेला रंग ओलीची जागा फार काळ झाकू शकत नाही, म्हणून ही पाहणी जुलैच्या फेरीत करण्याला अधिक अर्थ आहे. डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पश्चिमेला उंच कडा असेल तर थंडीत ऊन बरेच लवकर जाते, आणि ते किती वाजता जाते हे अंगणात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

याच उन्हाची दुसरी बाजू मे महिन्यात दिसते. ठाण्याचा उन्हाळा घामाचा असला तरी पारा सहसा चाळिशीच्या खाली राहतो. घाटापलीकडे मात्र तो चाळीस ओलांडतो आणि काँक्रीटचे सपाट छप्पर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा पडवी नसेल तर वरच्या मजल्यावरची खोली दुपारी वापरता येत नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी मेच्या मुक्कामाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. छप्पर स्वतःचे असेल तर याच उन्हाचा उपयोगही होतो: सौर यंत्रणेच्या दर किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीरहित जागा लागते, त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते आणि पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

सुरक्षिततेचा विचार आपण चोरीपासून सुरू करतो, पण या भागात आधी पाण्याचा विचार करायला हवा. २६ जुलै २००५ चा पूर ठाणेकरांच्या स्मरणात आहे. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली आणि कोल्हापूर दिवसचे दिवस पाण्यात राहिले आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची, तर सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. नदीकाठच्या गावात घर पाहताना जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर शोधाव्यात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधले घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यातले घर घ्यायचेच असेल तर जोते किती उंच आहे ते टेप लावून मोजावे. नकाशा मिळेपर्यंत नदीकाठच्या जुन्या दुकानदाराला विचारावे की पाणी कुठवर आले होते. तो बहुधा भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने जरूर वळसा घालावा. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ कृष्णेच्या पात्रालगत बांधवले आणि पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे यासाठी मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्याने नदीचा जेवढा विचार केला तेवढा आजच्या बिल्डरने केला आहे का, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

डोंगरउताराबद्दल माझे मत याहून कडक आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, या तिन्ही ठिकाणी मुसळधार पावसात डोंगराचा भाग वस्तीवर आला. तिन्ही घटना जुलैतल्या आहेत, ही बाब लक्षात ठेवावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे पाहता येतात. नकाशा काहीही म्हणो, घरामागचा उतार नुकताच कापून सपाट केला असेल, नव्या रस्त्यासाठी पायथा खणला असेल किंवा उतारावरची झाडे आणि विजेचे खांब एका बाजूला झुकले असतील, तर ‘व्हॅली व्ह्यू’च्या मोहात न पडता परत फिरावे.

माणसांपासूनच्या सुरक्षिततेसाठी आकडेवारी फारशी उपयोगी पडत नाही, कारण गुन्ह्यांची प्रसिद्ध होणारी आकडेवारी सहसा जिल्ह्याची किंवा मोठ्या शहराची असते. त्यापेक्षा रात्री नऊच्या सुमारास घरातल्या बाईमाणसासोबत एसटी स्थानकापासून त्या घरापर्यंत चालत जावे, दिवे कुठे संपतात आणि कुत्र्यांची टोळी कुठे बसते ते पाहावे, आणि शेवटची गाडी किती वाजता येते ते विचारावे. एकट्या राहणाऱ्या बाईला घर भाड्याने द्यायला तिथले लोक तयार असतात का, या प्रश्नाच्या उत्तरावरून गावाचा स्वभाव बराचसा कळतो. गावांत खरा धोका रस्त्यावर अधिक असतो. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, अनेकदा मागच्या दिव्याशिवाय, चालत असतात. ठाण्यात रात्री दुचाकी चालवण्याची सवय असलेल्या मुलामुलींना हे स्पष्ट सांगून ठेवावे. कारखाना जवळ असेल तर हंगामात गच्चीवर पडणारी काजळी आणि मळीचा वासही त्याच महिन्यांत अनुभवून घ्यावा. जुन्नर आणि संगमनेर पट्ट्यात उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून तिथे फडाला लागून असलेला एकाकी बंगला लहान मुलांच्या कुटुंबाने घेऊ नये. गावठाणातले, शेजार असलेले घर घ्यावे.

दवाखान्याची चौकशी ‘हॉस्पिटल आहे का’ इतक्यावर भागत नाही. छातीत दुखू लागल्यास ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची सोय गावातच आहे का आणि अँजिओप्लास्टीसाठी कुठे जावे लागते, तिथे पोहोचायला रात्री किती वेळ लागतो, हे विचारून घ्यावे आणि तो रस्ता स्वतः एकदा गाडीने करून पाहावा. डायलिसिस लागणारा रुग्ण घरात असेल तर त्या केंद्रातली पाळी मिळाल्याशिवाय सामान हलवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यामुळे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष साठ्यात असते का आणि ते देणारा डॉक्टर रात्री हजर असतो का, हा प्रश्न संकोच न करता तिथल्या परिचारिकेलाच विचारावा. आरोग्य विमा असल्यास रोखरहित उपचार देणाऱ्या रुग्णालयांच्या यादीत त्या तालुक्यातले एखादे नाव आहे का ते आजच पाहून घ्यावे, कारण ठाण्यात असलेली सोय तिथे नसू शकते.

नळाला पाणी दिवसाआड येते की रोज, आणि मे महिन्यात टँकर येतो का, हे शेजारणीला विचारले तर खरे उत्तर मिळते. मोरबे धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या नवी मुंबईकरांना हा प्रश्नच पडत नाही, म्हणून त्यांनी तो लिहून न्यावा. वीज बहुतेक ठिकाणी महावितरणचीच असते, पण वळवाच्या पावसात ती किती तास जाते हे कळले पाहिजे. घरून काम करणाऱ्याने त्या खोलीत बसून एक पूर्ण कामाचा दिवस काढून पाहावा.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई केल्यास आयुष्याची पुंजी अडकते, म्हणून इथे थोडे थांबावे. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘एक गुंठा घ्या, नाव नंतर चढेल’ असे सांगणाऱ्या दलालाशी बोलणे तिथेच थांबवावे. बिनशेती आदेश, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मागचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) आणि बांधकाम परवानगी यांच्या प्रती घेऊन त्या आपण नेमलेल्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात, आणि प्रकल्प मोठा असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाकून पाहावा. समुद्रकिनाऱ्यालगतच्या घराला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू आहेत का हेही त्याच वकिलाला विचारावे.

एवढे झाल्यावरही पहिले वर्ष भाड्यानेच काढावे असा माझा आग्रह आहे. भाडेकरार नोंदणीकृतच असावा, भाडेकरू म्हणून आपली माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी आणि त्या वर्षात ठाण्याचे घर विकू नये. ते अकरा महिन्यांच्या करारावर दिले तर तिकडचे भाडे बहुधा त्यातून निघते आणि परत येण्याचा मार्ग खुला राहतो. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज करावा. ठाण्यातल्या डॉक्टरांकडून सर्व तपासण्यांचे अहवाल आणि चालू औषधांची यादी लेखी घ्यावी. गृहनिर्माण संस्थेला आपला नवा पत्ता आणि भाडेकरूचा तपशील निघण्याच्या आठवड्यातच लेखी कळवावा. गॅसजोडणी, बँकेची शाखा आणि निवृत्तिवेतनाचे कागद यांचे हस्तांतर पहिल्या महिन्यात उरकावे. राहणे नक्की झाल्यावर आधारवरचा पत्ता बदलावा, शिधापत्रिका तिकडे न्यावी आणि मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा.